कोपऱ्यात पडलेले पास

४ एप्रिल

सीझन संपला. आठ संघांत आम्ही सहावे. निरोपाच्या चहाला अध्यक्षांनी 'सन्मानजनक' हा शब्द वापरला, म्हणजे ते भयंकर चिडलेले आहेत. मी चिडलेली नाही. आयुष्यभर बास्केटबॉल खेळले आणि शिकवला. एका सहाव्या नंबराने मी हलणार नाही. पुढच्या वर्षीचा संघ मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसतो आहे आणि त्याच्या मधोमध भिंगरी उभी आहे. उभी कसली, फिरते आहे. म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं.

भिंगरी आमची पॉइंट गार्ड. चेंडू वर घेऊन यायचा, कोणी कुठे पळायचं ते ठरवायचं आणि योग्य वेळी योग्य हातात चेंडू पोचवायचा, हे तिचं काम. वय एकोणीस, मोठ्यांच्या संघात पहिलंच वर्ष. शाळांच्या स्पर्धेतून मी तिला उचलून आणली तेव्हा लोक म्हणाले, एवढीशी पोर, कुणी फुंकर मारली तरी उडेल. उडाली नाही. पण चेंडू मात्र फार घालवले. संपूर्ण लीगमध्ये सगळ्यांत जास्त. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही.

अध्यक्षांना तिच्या जागी पलीकडच्या क्लबातली एक अनुभवी गार्ड आणायची आहे. महिनाअखेर समिती बसेल आणि ठरवेल. भिंगरीला सोडलं तर ती कुठे जाईल? पहिल्याच वर्षी ज्या पोरीला क्लबाने नारळ दिला तिला दुसरा क्लब दारात उभं करत नाही. ती परत गावाकडे जाईल आणि खेळ सुटेल. मी हे होऊ देणार नाही. समितीशी भांडायचं तर आधी स्वतःशी नीट भांडून घेतलेलं बरं, म्हणून ही दैनंदिनी.

६ एप्रिल

घरातच पहिली फेरी झाली. धाकटी, म्हणजे माझी बहीण आणि संघाची कप्तान, सरळ म्हणाली की भिंगरीला जाऊ दे. मला धक्काच बसला. धाकटीच्या मताला मी फार मान देते. तिला पहिला चेंडू मी हातात दिला, खेळ मीच शिकवला, आणि आज लीगमध्ये कोपऱ्यातून तिच्याइतका नेम कोणाचा नाही.

तिचं म्हणणं असं की पोरीला घाई फार. आमची मुख्य चाल आम्ही 'कोपरा' म्हणतो. भिंगरीने बास्केटच्या दिशेने आत घुसायचं, बचाव करणाऱ्या दोघी-तिघी तिच्याकडे खेचल्या जातात. तेवढ्यात धाकटी बास्केटच्या बोर्डामागून पळत कोपऱ्यात येते आणि भिंगरीने न बघता चेंडू तिथे फेकायचा. धाकटी पोचण्याआधी चेंडू हातातून सुटलेला पाहिजे, नाहीतर मधलीच कोणीतरी तो पळवते. मी मुलींना पहिल्या दिवसापासून घोकून घेतलं आहे की पास माणसाला द्यायचा नाही, जागेला द्यायचा. भिंगरी देते जागेलाच. फक्त फार लवकर. चेंडू रिकाम्या कोपऱ्यातून सरळ बाहेर जातो आणि धाकटी दोन पावलं मागे उभी राहून हात पसरते. धाकटीने हात पसरले की अख्ख्या हॉलला कळतं चूक कोणाची.

मी तिला म्हटलं, घाई हा दोष नाही, वय आहे. घाई कमी करता येते, सुस्ती घालवता येत नाही. माझं हे वाक्य मलाच फार आवडलं. समितीपुढे वापरीन.

धाकटी स्टुलावर बसून भाजी निवडत होती. हल्ली ओट्यापाशीही तिला स्टूल लागतं. आईच्या सहवासाचा परिणाम, दोघींचं म्हातारपण एकदमच सुरू झालेलं दिसतं.

९ एप्रिल

आज अध्यक्ष आणि आकडेवाले यांच्याबरोबर क्लबच्या खोलीत बसले. आकडेवाले आमच्या सामन्यांचे सगळे आकडे ठेवतात. प्रत्येक चुकलेला पास पास देणारीच्या नावावर लागतो, असा आमच्याकडे पूर्वीपासूनचा शिरस्ता आहे आणि तो मीच घालून दिलेला आहे. अध्यक्षांनी भिंगरीच्या नावावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ते चेंडू मी घरी नेले.

आकडेवाल्यांनी मध्येच एक गंमत सांगितली. धाकटी तापाने घरी होती तेव्हाचे दोन सामने भिंगरी अगदी स्वच्छ खेळली. मी सांगितलं की ते दोन्ही संघ तळाचे होते, त्यांच्यापुढे माझी आईही स्वच्छ खेळेल. सगळे हसले. आकडेवाले म्हणाले, त्यातला एक संघ दुसऱ्या नंबरावर आला. असेल. त्या दिवशी ते ढिले पडले असतील. अपवाद घेऊन मी समितीपुढे उभी राहत नाही, मला भक्कम गोष्ट हवी.

माझा बेत पक्का आहे. तीन आठवड्यांत भिंगरीची घाई काढून टाकायची आणि समितीला प्रत्यक्ष दाखवायचं.

१५ एप्रिल

काम सुरू आहे. सीझन नसला तरी मुली सकाळी सरावाला येतात. मी भिंगरीला सांगितलं आहे की पास सोडण्याआधी मनात 'एक' म्हणायचं. फार साधा उपाय आहे, साधेच उपाय लागू पडतात. पोर गुणी आहे, उलट बोलत नाही, मान हलवते आणि सांगितलं ते करते.

अजून बसलेलं नाही. 'एक' म्हणेपर्यंत समोरच्या मुली तिला घेरतात. आज तर तिच्या हातातून दोनदा चेंडू हिसकावून नेला. आधी ती आत घुसताना कोणाला सापडायची नाही. पण नवं शिकताना जुनं थोडं विस्कटतंच, हे मी तिला समजावलं. ती म्हणाली, "हो मॅडम," आणि बुटांची नाडी बांधायला लागली. नाडी सुटलेली नव्हती.

धाकटीला मात्र हा उपाय पसंत आहे. घरी आल्यावर माझं कौतुक केलं. तिला पटलं म्हणजे मी योग्य रस्त्यावर आहे.

एक तक्रार लिहून ठेवते. या घरात बर्फ टिकत नाही. मी सरबतासाठी ट्रे भरते आणि दुपारी बघावं तर रिकामा. आई म्हणते, मला काय विचारतेस. धाकटी म्हणते, मला माहीत नाही. बर्फाला पाय फुटलेत.

१८ एप्रिल

धाकटीने आपलं अंथरूण माडीवरून खाली आईच्या खोलीत हलवलं. आईला रात्री सोबत हवी म्हणे. मी आईला म्हटलं, बघ, कशी माया आहे तुझ्या लेकीची. आई म्हणाली, "तिला पुढच्या वर्षी फार पळवू नकोस." मी हसले. कप्तानाला पळवायचं नाही तर काय पालखीत बसवायचं?

२१ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा. नीट लिहिते.

सकाळी सरावाला माणसं कमी. दोघी सर्दीने घरी, धाकटी दाताच्या डॉक्टरकडे. हा दात वर्षभर चालला आहे, एव्हाना कवळी बसवून झाली असती. पाच-पाच जणींचे संघ होईनात, तेव्हा मीच मैदानात उतरले. धाकटीची जागा घेतली, कारण ती चाल मी झोपेतही पळू शकते.

वय चव्वेचाळीस. पोट सुटलेलं. बूट जुने. मुली गालातल्या गालात हसत होत्या, मला दिसलं. भिंगरी चेंडू घेऊन वर आली, 'कोपरा'ची खूण केली आणि आत घुसली. मी बोर्डाच्या मागून पळाले. पळाले म्हणजे आपलं जमेल तसं. कोपऱ्यात पाऊल टाकलं आणि चेंडू हातात. छातीसमोर, बोटांच्या पेरांवर, मला हवा होता तिथे. मी टाकला. आत गेला.

मी ओरडले, पुन्हा. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. पाचव्यांदा मला धाप लागली होती आणि पाय शिशाचे झाले होते, तरी चेंडू माझीच वाट बघत असल्यासारखा आला. मुली टाळ्या वाजवायला लागल्या.

भिंगरीला विचारलं, 'एक' म्हणालीस का? ती कावरीबावरी झाली. विसरले म्हणाली. मी तिला पोटाशी धरलं. मुलीत जादू झाली आहे. एका आठवड्यात इतकी सुधारणा मी कोणात बघितलेली नाही, आणि माझेही पाय अजून शाबूत आहेत हे वेगळंच.

दुपारी जेवताना घरी सगळं रंगवून सांगितलं. आईने विचारलं, "तू पोचलीस?" म्हटलं, दर वेळी. आईने धाकटीकडे बघितलं. धाकटी उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. माझ्या आनंदात ती सामील झाली नाही याचं थोडं वाईट वाटलं. दात दुखत असेल.

२२ एप्रिल

सकाळी दात घासताना ब्रश तोंडातच राहिला.

मी पोचते. मी, चव्वेचाळीस वर्षांची, पोट सांभाळत धावणारी. दर वेळी पोचते. मग धाकटी का पोचत नव्हती?

पोरीत काहीच सुधारलेलं नाही. सुधारायला काही नव्हतंच. ती वर्षभर हाच पास देत होती, याच जागी, याच वेळी. मी बाकावर बसून चेंडूकडे बघत राहिले, बाहेर जाणाऱ्या चेंडूकडे, आणि मग पसरलेल्या हातांकडे. धाकटीच्या पायांकडे एकदाही बघितलं नाही.

बर्फ. स्टूल. खालची खोली. वर्षभराचा दात. मुलीच्या पायमोज्यावरून मी तिच्या घोट्याची सूज ओळखते असं मी चारचौघांत सांगत असते. माझ्या घरात माझी बहीण जिना चढू शकत नाही आणि मी तिला म्हातारी म्हणून हसते आहे.

आणि भिंगरीला मी 'एक' म्हणायला लावलं. ज्या एका गोष्टीत ती सगळ्यांहून सरस आहे, तीच मी तिच्यातून काढून टाकायला निघाले होते. शरम वाटते आहे. ही ओळ खोडणार नाही.

२३ एप्रिल

धाकटीला घेऊन सकाळी हॉलमध्ये गेले. आम्ही दोघीच. चेंडू घेतला नाही. तिला म्हटलं, बोर्डाच्या मागून कोपऱ्यात पळ. तिने का म्हणून विचारलं नाही. पळाली. सुरुवात जुनीच, सुंदर. मग बोर्डामागच्या वळणावर तिने उजवा पाय जपला, आणि कोपरा दोन पावलं पुढे असताना थांबली. हात आपोआप पसरायला निघाले होते. तिलाच ते जाणवलं आणि तिने ते खाली घेतले.

गुडघ्यातली गादी झिजली आहे. वर्ष झालं. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात. त्यानंतर सहा महिने घरी, आणि मग खेळता येईल की नाही हे ते सांगत नाहीत. एका जागी उभं राहून टाकायला त्रास नाही, वळून पळायला होतो.

मी विचारलं, पोरीवर का ढकललंस? त्यावर ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहिते.

"पहिल्यांदा हात असेच पसरले गेले, ताई. मुद्दाम नाही. मग तू तिच्यावर ओरडलीस. मग सोपं झालं."

ती पुढे म्हणाली, तिला अजून एकच सीझन हवा होता. ती अनुभवी गार्ड संथ खेळते, थांबून पास देते, तिच्याबरोबर जमलं असतं. भिंगरीबरोबर रोज उघडं पडायची भीती.

मला तिचा संताप आला आणि तिला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम. मी तिला सांगितलं की समितीपुढे तूच सांग, तुझ्या तोंडून आलं तर तुझा मान राहील. ती म्हणाली, बघते.

२५ एप्रिल

भिंगरीला एकटीला बोलावलं. 'एक' बंद, हे आधी सांगितलं. मग विचारलं, कप्तान पोचत नाही हे तुला कळत नव्हतं का? कळत होतं म्हणाली. मग आखूड पास का दिला नाहीस, ती थांबते तिथे? निदान शिव्या तरी वाचल्या असत्या.

ती चेंडूच्या शिवणीवरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "दर वेळी वाटायचं, आता पोचतील."

शाळेत असताना वर्तमानपत्रातला धाकटीचा फोटो तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, हेही तिने सांगितलं. आखूड पास देणं म्हणजे त्या आता पोचणार नाहीत असं म्हणणं. ते तिला जमलं नाही. त्यागबिग काही नाही. नुसता विश्वास. एवढ्या हट्टाने विश्वास ठेवणारी गार्ड मला जन्मात पुन्हा मिळणार नाही.

२९ एप्रिल

समिती झाली. अध्यक्ष, आकडेवाले, मी, आणि कप्तान म्हणून धाकटी.

अध्यक्षांनी अनुभवी गार्डची बाजू मांडली. चांगली मांडली. मग मी उभी राहिले आणि म्हणाले की आधी कप्तानाने बोलावं. धाकटी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होती. मी वाट बघितली. अध्यक्षांनी दोनदा विचारलं.

"मला काही म्हणायचं नाही," ती म्हणाली.

मग मी म्हणाले. माझ्या बहिणीसमोर, तिच्या तोंडावर. वर्षभर तिचा गुडघा निकामी होता, कोपऱ्यात ती पोचत नव्हती, चुकलेले पास भिंगरीचे नव्हते, आणि हे न बघणारी कोच मी होते. आकडेवाल्यांनी तापाच्या वेळचे दोन सामने पुन्हा काढले. या वेळी मी विनोद केला नाही. कोणाला खात्री हवी असेल तर मी स्वतः पळून दाखवते, असंही म्हणाले. कोणालाही ते बघायचं नव्हतं.

भिंगरी राहिली. दोन वर्षांसाठी.

धाकटी उठली आणि कोणाचाही हात न घेता दाराकडे गेली. आज ती लंगडणं लपवत नव्हती. मी बरोबर केलं. पुन्हा वेळ आली तरी हेच करीन. घरी येताना रडू मात्र आवरलं नाही.

१२ मे

धाकटीची शस्त्रक्रिया नीट झाली. ती माझ्याशी बोलत नाही. आईमार्फत बोलते. "आई, हिला सांग, उशी हवी." मी शेजारीच उभी असते. आई सांगते, "उशी हवी म्हणते." मी आईला सांगते, "देते म्हणावं." आई म्हणाली, या वयात मला पोस्टमनची नोकरी लावलीत. धाकटी हसली नाही. मी हसले, मग वाईट वाटलं.

भिंगरी दर रविवारी तिला भेटायला येते. दार लोटून आत काय बोलतात कोण जाणे. परवा मी चहा घेऊन गेले तर धाकटी चमचा-वाट्यांनी पलंगावर चाल मांडून तिला काहीतरी ओरडून सांगत होती. मला बघून गप्प झाली. चहा घेतला, आभार आईला सांगितले.

तिने मला कधी माफ नाही केलं तरी मी तिची बहीणच राहणार. हे तिलाही माहीत आहे. पण घरात बोलणं नसलं की भांड्यांचाच आवाज फार येतो.

८ जून

नव्या संघाचा पहिला सराव-सामना. कोपऱ्यात धाकटीच्या जागी एक नवी मुलगी, उंच, तरतरीत. मी दणकून तयारी केली होती. धाकटी येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. ती आली. काठी टेकत आली आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. आमच्यामध्ये पाण्याच्या बाटल्या आणि चार मुली.

पहिला भाग झकास गेला. भिंगरी अशी फिरत होती की समोरच्या गार्डला घेरी यावी. अध्यक्ष मागे बसून दुसऱ्याच कोणाला तरी सांगत होते की या पोरीवर त्यांचा पहिल्यापासून विश्वास होता. सांगू देत.

मग 'कोपरा'. भिंगरी आत घुसली, दोघींना खेचलं, चेंडू सोडला. कोपरा रिकामा. चेंडू सरळ बाहेर.

मी ताडकन उठले. "भिंगरी, बघून दे." तोंडातून निघून गेलं होतं. सगळं कळूनसवरून, समितीपुढे छाती ठोकून सांगून, तेच वाक्य पुन्हा निघालं. कोर्टावर ती नवी मुलगी दोन पावलं मागे उभी होती आणि हात पसरत होती. भिंगरीची मान खाली गेली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला काठी जमिनीवर आपटली.

"तिला काय ओरडतेस, ताई," धाकटी म्हणाली. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात, सरळ माझ्याकडे बघून, मध्ये आई नसताना. "पास बरोबर आहे. कोपऱ्यातलीला सांग, हात खाली घे आणि पळ."

मी तिच्याकडे बघितलं. मग वळले आणि कोपऱ्यातल्या मुलीला तेच सांगितलं, तिच्याच शब्दांत.